घरच्या खाटेला कार्ड नाही

सायलीला एका जागी बसवेना. आरोग्यमित्राच्या टेबलापासून वॉर्डाच्या दारापर्यंत, तिथून जिन्यापर्यंत, पुन्हा टेबलापाशी, अशा तिच्या येरझाऱ्या सुट्टीच्या दिवशी सकाळपासून चालल्या होत्या. आत खाटेवर तिचे सासरे, पाचोडचे पुंजाराम अण्णा, छताकडं बघत पडले होते. मोसंबीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सगळं सरकारी कार्डावर. खुब्यात बसवलेला गोळा, औषधं, दोन वेळचं जेवण, कशालाच खिशात हात घालावा लागला नाही. त्या कार्डाला भागूबाईंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, हळदकुंकू लावायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. आणि आता डॉक्टर म्हणत होते, झालं, घरी न्या.

"न्या म्हणजे कसं न्या?" सायली आरोग्यमित्रावर घसरली. आरोग्यमित्र म्हणजे दवाखान्यात बसून योजनेचं काम बघणारा राजकुमार. माणूस भला, पण आज त्याची काही खैर नव्हती. "त्यांना कूस बदलता येत नाही. भांडं द्यावं लागतं, अंग पुसावं लागतं. इथं ते सगळं वॉर्डातले मामा, वॉर्डबॉय, करतात. घरी कोण करणार?"

"घरी माणूस ठेवा ना ताई. मिळतात केअरटेकर."

"त्याचा पगार कार्डातून?"

"नाही ताई. योजनेत दवाखाना येतो, घर येत नाही."

"म्हणजे इथल्या खाटेवर झोपले की सरकारचे, आणि घरच्या खाटेवर झोपले की सुनेचे! असंच ना?"

रांगेतली दोन माणसं हसली. राजकुमार मात्र हसला नाही. "मी का नियम केलेत ताई?" तो म्हणाला. "माझी आई झोपूनच आहे. बहीण नोकरी सोडून बसली तिच्यापाशी." सायली पुन्हा जिन्यापर्यंत चालत गेली.

शहरातल्या बजाजनगरच्या त्यांच्या घरात त्या संध्याकाळी सुदर्शननं, तिच्या नवऱ्यानं, विषय अगदी सोपा करून टाकला. "दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. तू रजा टाक."

रजा म्हणे! ठेकेदाराकडच्या माणसाला कसली आलीय रजा? लग्न झाल्यापासून सायली शेंद्र्याच्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली होती. गाडीचे सुटे भाग तपासायचे, खराब निघाला तो बाजूला काढायचा. तिची नजर अशी की लाइनवरचे पुरुषही शंका आली की तिच्याकडं भाग घेऊन यायचे. सुपरवायझरनं तिला बाजूला बोलावून सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत खाडा पडू देऊ नको, दिवाळीनंतर तुझं नाव कंपनीच्या पटावर. कायम. आणि खाडा पडला तर? तर नाव कापलं, दाराबाहेर दुसऱ्या बायका उभ्याच आहेत. ही गोष्ट तिनं सुदर्शनला सांगितलेली होती. आनंदानं त्याला जिलेबी खाऊ घातली होती. तो जिलेबी खाऊन विसरला.

"तुम्ही का नाही रजा टाकत? तुम्ही तर कायम आहात," ती म्हणाली.

"मी? मला नाही जमत ते. मला मळमळतं."

घ्या! बापाचं करताना लेकाला मळमळतं, आणि सुनेला काय अत्तराचा वास येतो? पण हे ती बोलली नाही, कारण भागूबाई समोर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. त्यांच्या गुडघ्यांना स्वतःचं वजन उचलवत नव्हतं, त्या अण्णांना कुठून उचलणार? पण तोंड काही दुखत नव्हतं. "सून घरात आसताना पैशानं माणूस ठिवायचा? लोक काय म्हनतील?"

"लोकांना म्हणा, या आणि भांडं उचला," सायली म्हणाली. "माझ्या पगारातून ठेवते मी माणूस. निम्मा जाईना का. पण मी कामावर जाणार." आणि ती भांडी घासायला लागली, तर शेजारच्या घरात ऐकू जाईल इतकी आदळआपट झाली.

माणूस मिळाला. वॉर्डातल्या मामांच्याच ओळखीचा, फुलंब्रीकडचा, कडुबा नावाचा. पंचेचाळिशीचा असेल, दंड भक्कम, बोलणं कमी. अण्णांना त्यानं दवाखान्याच्या खाटेवरून गाडीत आणि गाडीतून घरच्या खाटेवर असं अलगद ठेवलं, की अण्णा "आई गं" सुद्धा म्हणाले नाहीत. सायलीच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी ती निर्धास्तपणे सकाळपाळीला निघाली आणि आठवड्यात पहिल्यांदा बसमध्ये डोळा लागला तिचा.

इकडं काय झालं? जे व्हायचं तेच. घरी माणूस आला आणि त्याला गाव विचारलं नाही, असं पाचोडच्या माणसाच्या हातून होणं शक्यच नव्हतं.

"गाव कोन्तं म्हनला पाव्हनं?" अण्णांनी पडल्यापडल्या सुरुवात केली. मग आडनाव. मग भावकी. मग सासुरवाडी कुठली.

"अजिंठा," कडुबा म्हणाला.

भागूबाईंनी कान टवकारले. अजिंठा म्हणजे त्यांचं माहेर. "अजिंठ्यात कुनाची लेक?"

"सर्जेराव पाटलाची. लीलाबाई."

"आगं बया!" भागूबाई गुडघे विसरून उभ्या राहिल्या. सर्जेराव त्यांचा सख्खा चुलतभाऊ. लीलाच्या लग्नाला त्या स्वतः गेल्या होत्या, मांडवात जेवल्या होत्या. "म्हंजे तुमी आमचे जावई! मुंडावळ्यांच्या आड तोंड कुठं दिसतंय, वळखू कसं येनार? आवं ऐकलं का, जावईबापू हायेत ह्ये!"

अण्णांनी ऐकलं होतं. त्यांनी लगबगीनं अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

सायली संध्याकाळी घरी आली तर काय दृश्य! कडुबा डोक्याला नवी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल, अशा थाटात पुढच्या खोलीत खुर्चीवर अवघडून बसलेला. भागूबाई पुरण वाटत होत्या. आणि आतल्या खोलीत अण्णांचे ओठ कोरडे पडलेले. दुपारपासून त्यांनी ना भांडं घेतलं होतं, ना अंग पुसू दिलं होतं.

"मी काय करू ताई?" कडुबा रडकुंडीला आला होता. "जवळ गेलो की हात जोडत्यात. म्हनत्यात, जावईबापू, तुमी बसा."

"बसा न्हाय तर काय?" आतून अण्णा ओरडले. "जावयाकडून हागनं-मुतनं काढून घिऊ? पाय धुवायचे त्याचे, त्याच्याकडून धुवून घ्यायचं? सात पिढ्या नरकात जातील."

शेवटी सायलीनंच पदर खोचून सगळं केलं. तिच्यापुढं अण्णांनी डोळे मिटून घेतले. सुनेपुढंही लाज होतीच, पण सून घरची. घरच्या माणसापुढं लाजून भागत नाही, एवढाच त्यातला हिशेब. कडुबा दाराआड उभा राहून पाणी गरम करून देत होता, तेसुद्धा भागूबाईंची नजर चुकवून. आता सायलीला घरात सांभाळायला एकाच्या जागी दोन पुरुष झाले होते, एक खाटेवर आणि एक खुर्चीवर.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी पाणीच तोडलं. सायली घरात नसताना घोटभर घ्यायचे नाहीत. पाणी नाही तर भांडं नाही, भांडं नाही तर जावयाला त्रास नाही. सायली कंपनीतून जेवणाच्या सुट्टीत फोन करायची. "पाणी प्यायले का?" भागूबाई म्हणायच्या, "प्याले की." लबाड म्हातारी! तिला खोटं बोलताना वाईट वाटत नव्हतं, कारण तिच्या लेखी हा जावयाच्या मानाचा प्रश्न होता आणि पाणी काय, संध्याकाळी पितीलच.

"आसं करू," एके दिवशी भागूबाईंनीच तोडगा काढला. "लीलालाच बोलावू. भाची म्हंजे लेकच. लेकीनं बापाचं केलं तर काय बिघडतंय?"

सायलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे जावयाला पुरणपोळी आणि लेकीला भांडं! दिवसभर तिच्या नवऱ्याला खुर्चीवर बसवायचं, आणि काम करायला तिला आणायचं? आत्याबाई, तुम्हाला ऐकू येतं का तुम्ही काय बोलता ते?"

"मंग तूच ऱ्हा की घरी," भागूबाई म्हणाल्या. सरळच म्हणाल्या. त्यांच्या मनात पहिल्यापासून तेच होतं.

कडुबानं टोपी काढून कोनाड्यात ठेवली. "ताई, मी जातो. काम न करता पगार घ्यायला लाज वाटती. घरी चार तोंडं हायेत, मला काम पायजे. मान घिऊन काय करू?" तो फुलंब्रीला निघून गेला. भागूबाईंनी वाटेसाठी पुरणपोळ्या बांधून दिल्या, त्या त्यानं घेतल्याही.

आता पाळीच्या आधी आणि पाळीनंतर सायलीच अण्णांचं सगळं करायची, मधल्या वेळात अण्णा कोरडेच. मग एके दुपारी लाइनवर असताना सायलीचा फोन थरथरला. सुदर्शन होता. अण्णांना ताप भरलाय, काहीबाही बरळतायत, लघवीच होत नाही, दवाखान्यात नेतोय. सायलीच्या हातातला भाग तसाच राहिला. बाहेर पडायचं तर पाळी अर्धी, म्हणजे खाडा. सुपरवायझर लांबून बघत होता. तिनं भाग फिरवला, कड बघितली, ठेवला. दुसरा उचलला. आपण चांगले भाग बाजूला काढतोय की खराब, हेही तिला कळेना. मनात एकच चाललं होतं, म्हातारा गेला तर? आपण इथं लोखंड तपासत होतो आणि म्हातारा तहानेनं गेला, असं जन्मभर ऐकायचं? पण ती पाळी सुटेपर्यंत हलली नाही. हलली नाही याचा तिला स्वतःचाच राग आला, आणि हलली असती तर त्याचाही आला असता.

दवाखान्यात पोचली तोवर अण्णांना सलाइन लावलं होतं. अंगात पाणी कमी पडलं, त्यानं लघवीच्या जागी जंतू झाले, डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. जिन्यापाशी राजकुमार भेटला. "काळजी करू नका ताई. कार्डावर मंजूर झालं. लगेच झालं."

सायली खदाखदा हसली. राजकुमार दचकला. "झालं ना मंजूर?" ती म्हणाली. "घरी पाणी पाजायला माणूस द्यायचा नाही. पाण्यावाचून मरायला टेकला की सलाइन फुकट. वा रे योजना!" आणि हसता हसता ती तिथंच पायरीवर बसून रडली. राजकुमारनं स्वतःची पाण्याची बाटली तिच्या शेजारी ठेवली.

चार दिवसांत अण्णा तरतरीत झाले. वॉर्डातले मामा येत, अंग पुसत, भांडं देत, अण्णा खुशाल त्यांच्याशी मोसंबीच्या भावावर गप्पा मारत. घरी न्यायचा दिवस ठरला तेव्हा त्यांनी सायलीला खुणेनं जवळ बोलावलं. सुदर्शन खाली औषधं आणायला गेला होता.

"तुझं कायमचं पत्र कधी यायचंय?" अण्णांनी हळूच विचारलं.

सायली चपापली. त्यांना हे माहीत असेल असं तिला वाटलंच नव्हतं. "दिवाळीनंतर."

"मंग झालं तर. ऐक. घरी न्या मला. मी पानी बंद करतो. आठ दिसांत ताप यील, मंग परत हिकडं आना. हितं मामा हाय, सरकार हाय, कुनाला त्रास न्हाय. चार-दोन येळा आसं केलं की दिवाळी निघती. तू काम सोडू नको."

"काय बोलताय अण्णा!"

"पयल्यांदा लाजेनं तोडलं व्हतं पानी. खरं सांगतो. पर हितं पडून पडून इचार केला. लाजंपायी पडलो त्ये कामी आलं म्हन की." ते हसले सुद्धा, मोठी अक्कल चालवल्यासारखे. "आठ दिस तहान सोसाया म्हाताऱ्याला काय ताकद लागती?"

या माणसानं तिच्याशी लग्नापासून कामापुरतं बोलणं ठेवलं होतं. मीठ जास्त झालं, चहा गार आहे, एवढंच. आणि आता तो तिच्या नोकरीसाठी स्वतःचा जीव असा हप्त्याहप्त्यानं द्यायला निघाला होता. तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. "मला नको असली नोकरी," ती म्हणाली, पण म्हणतानाच तिला कळलं की हे खोटं आहे. तिला ती नोकरी हवी होती. जिवापाड हवी होती.

रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे उठून तिनं फुलंब्रीला फोन लावला.

"कडुबाभाऊ, आज या. पण काम करायला येऊ नका," ती म्हणाली. "जावई म्हणून या. आणि आल्यावर रुसा."

"रुसू?" कडुबाला आधी समजेना. मग समजलं. "लग्नात बी रुसलो न्हवतो ताई मी."

"मग तो रुसवा बाकीच आहे. आज काढा."

सायलीची दुपारपाळी होती, सुदर्शनची सुट्टी. अण्णांना घरी आणून खाटेवर टेकवलं, तर तोंड घट्ट मिटलेलं. भागूबाईंनी तांब्या पुढं केला, त्यांनी मान फिरवली. सायलीला बघून त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, ठरलंय ते ठरलंय. तेवढ्यात कडुबा आला, आणि कोनाड्यातली मानाची टोपी उचलून त्यानं डोक्यावर चढवली. भागूबाईंचा आनंद गगनात मावेना. ताट वाढलं, पाट मांडला, अण्णांच्या खाटेशेजारीच मांडला, पोळीवर तूप सोडलं.

कडुबा पाटावर बसला आणि त्यानं हात मांडीवरच ठेवले.

"घ्या ना जावईबापू. गार व्हतंय."

"माझी मागनी हाय," कडुबा म्हणाला. "ती दिल्याबिगर जेवनार न्हाय."

घरात एकदम लग्नघरातली धावपळ सुरू झाली. जावई रुसला! भागूबाईंचा चेहरा उतरला. जावई भरल्या ताटावरून उपाशी उठला, ही बातमी अजिंठ्याला पोचायला एक फोन पुरे होता. अण्णांनी कोपरावर उठायचा प्रयत्न केला. "मागा जावईबापू, काय मागायचं त्ये मागा. अंगठी म्हना, गाडी म्हना. मोसंबीचा मळा मागितला तरी न्हाय म्हननार न्हाय."

"मला अण्णांचं सगळं करायचंय. अंग पुसायचं, भांडं द्यायचं, पानी पाजायचं. मधी कुनी आडवं यायचं न्हाय."

अण्णांचा चेहरा पडला. "त्ये सोडून मागा."

"दुसरं नको."

पोळीवरचं तूप गोठायला लागलं. सायली दारात उभी होती, खांद्याला पिशवी, पायात चपला, एक डोळा घड्याळावर. चौकातली बस कुणासाठी थांबत नसते. तिला वाटलं ओरडावं, प्या ना एकदाचं! पण इथं बोलायचा मान तिचा नव्हता, तो खाली पाटावर बसलेल्या माणसाचा होता.

भागूबाई रडायलाच लागल्या. "आवं, द्या ना शब्द! माझ्या माहेराला काय तोंड दावू मी? जावई उपाशी जायचा का माझ्या दारातून?" ज्या बाईनं मानापायी नवऱ्याचं पाणी तोडू दिलं, तीच आता मानापायी हात जोडत होती.

अण्णांनी सायलीकडं बघितलं. "ह्यो उपद्व्याप तुझा हाय ना?"

"होय, माझा आहे," सायली म्हणाली. "मला नोकरी पाहिजे अण्णा. लई पाहिजे. आणि तुम्ही पण पाहिजे. एक देऊन दुसरं नको मला."

अण्णांनी तोंड भिंतीकडं केलं. पाठ हलत होती त्यांची. मग भिंतीकडंच बघत ते म्हणाले, "द्या मंग तांब्या. जावयापुढं इलाज न्हाय."

कडुबानं त्यांच्या मानेखाली हात घातला आणि तांब्या लावला. अण्णा घटाघट पाणी प्याले. हनुवटीवरून ओघळ गळ्यात गेला, तो कडुबानं खांद्यावरच्या मानाच्या टॉवेलनं टिपला. मग तो पुन्हा पाटावर बसला, पण घास काही उचलेना.

"आता काय?" भागूबाई धास्तावल्या.

"दुसरी मागनी." ही मागणी सायलीनं शिकवलेली नव्हती. कडुबा आता रुसव्यात रमला होता. "मेहुन्याच्या सुट्टीच्या दिशी भांडं मेहुन्यानं उचलायचं. आजपसनं."

सुदर्शननं दचकून वर पाहिलं. "मी? अहो दाजी, मला ते..."

"जावई मागतोय," भिंतीकडं तोंड केलेले अण्णा म्हणाले. "उचलंल."

कडुबानं पहिला घास घेतला. सायली पायऱ्या उतरून गल्लीत आली तेव्हा बसचा हॉर्न वाजत होता. ती पळायला लागली. मागून घराच्या खिडकीतून अण्णांची हाक आली, सकाळपासून धरून ठेवलेल्याची, घाईची, लाज सोडलेली हाक. सवयीनं तिचा पाय अडखळला, कारण इतके दिवस त्या घरातली प्रत्येक हाक तिच्याच नावाची होती.

"सुदर्शन! आरं सुदर्शन! भांडं आन!"

सायली बसकडं पळाली.